आंब्याला नाही, माशाला नाही

“आंब्याला आला नाहीत. माशाला आला नाहीत. गणपतीला अजून अवकाश आहे. मग आलात कशाला?”

रत्नागिरीतल्या एका पडवीत झोपाळ्यावर बसलेल्या गृहस्थांनी मला हे विचारलं तेव्हा जुलै अर्धा सरला होता. मी गडग्याच्या अलीकडे, रस्त्यात उभा होतो. हातातली छत्री उघडी होती आणि तरीही डावा खांदा भिजलेला होता. मी म्हणालो, “सहज.”

गृहस्थांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. कोकणातल्या झोपाळ्याची कुरकुर थांबते ती दोन वेळा : घरात कोणी आजारी असलं तर, नाहीतर प्रकरण गंभीर असलं तर.

“सहज,” ते पुटपुटले. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचावं तसा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग आत तोंड करून म्हणाले, “अगो, ऐकलंस का? हे सहज आलेत.”

आतली भांडी वाजायची थांबली.

खरं सांगायचं तर मी सहज आलो नव्हतो. जूनमध्ये एका संपादकांचा फोन आला होता. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाचे ऋतू कायमचे बिघडले. तेव्हापासून तो आकाशकंदिलाचं वर्णन छपराची गळती मोजत करतो. संपादक म्हणाले, “यंदा जरा मातीतलं काहीतरी द्या.” जुलैत मातीचा चिखल होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्याही आलं नाही.

विषय सुचत नसला की पायी भटकावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. डिकन्सला झोप लागत नसे तेव्हा तो रात्ररात्र लंडनच्या रस्त्यांवरून मैलोगणती चालत असे, आणि त्यावरही त्याने लिहून ठेवलं. पॅरिसमध्ये तर हेतूशिवाय रस्त्याने फिरत माणसं न्याहाळणाऱ्याला ‘फ्लानर’ असं देखणं नाव आहे. बोदलेअरने १८६३ मध्ये त्याचं कौतुक करून त्याला साहित्यात मानाचं पान वाढलं. मराठीत याच माणसासाठी रिकामटेकडा, उनाड, उंडगा आणि उडाणटप्पू असे चार शब्द आहेत आणि चारही आईच्या आवाजात ऐकू येतात. एवढ्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण मित्राची आत्या रत्नागिरीत राहते, तिच्याकडे उतरायची सोय होती, आणि खिशात नवी कोरी वही होती.

सुरुवात मारुती मंदिरापासून केली. रत्नागिरीत बोलण्यापुरत्या दिशा दोनच : वर आणि खाली. मारुती मंदिर म्हणजे वर. तिथून माळनाका, जयस्तंभ, एसटी स्टँड, गोखले नाका, राम आळी असं उतरत गेलं की खाली. मी खाली निघालो होतो. डोकं मोकळं ठेवायचं, काही ठरवायचं नाही, शहर आपणहून बोलू द्यायचं, अशी योजना होती.

शहर लगेच बोललं. माळनाक्याच्या आत तीन रिक्षा माझ्या शेजारी येऊन थांबल्या. तिघांनाही “चालतोय” असं सांगितलं. तिसरा म्हणाला, “ते दिसतंय. पण कुठं?” मग एक स्कूटर आली. स्कूटरवाल्याच्या अंगावर रेनकोट होता आणि चेहऱ्यावर दया. “बसा. मी खालीच चाललोय.”

“नको, पायीच जायचंय.”

“अहो, पेट्रोल माझं जळतंय. तुमचं काय जातंय?”

याला उत्तर नव्हतं. पावसात चालणारा माणूस त्याच्या हिशेबी दोनच प्रकारचा : ज्याला रिक्षा मिळाली नाही तो, आणि ज्याच्याकडे रिक्षाचे पैसे नाहीत तो. दोन्हींवर त्याच्याकडे स्कूटर हा उपाय होता. तिसरा प्रकार निघाल्यावर तो खट्टू झाला. पुढे गेल्यावरही आरशातून तो बराच वेळ मला बघत होता. पॅरिसच्या भटक्याला ही अडचण नव्हती. त्याला कोणी मागे बसवत नसे.

जयस्तंभापर्यंत मी चार निरनिराळे इसम होऊन गेलो. एका दुकानदाराला मी विम्याचा वाटलो. रस्त्याकडे निरखून पाहत वहीत लिहितोय म्हणून एकाने रुंदीकरणाचा साहेब ठरवलं आणि आपला कठडा नियमात कसा बसतो ते समजावलं. एका बाईंनी थेट विचारलं, “मुलाकडचे का?” मी “नाही” म्हणालो, पण त्यांचा विश्वास बसला नाही. मुलाकडचे गुपचूप चौकशीला येतात तेव्हा ‘नाही’च म्हणतात.

चौथा अंदाज मात्र सगळ्यात पक्का होता. कोकणात परका माणूस एखाद्या आवाराकडे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त पाहत राहिला की तो जमिनीचा एजंट. एका फाटकाशी फुललेली जास्वंद मी कौतुकाने पाहत होतो, तर आतून आवाज आला, “विकायची नाहीये.”

“मी जास्वंद बघतोय.”

“सगळे आधी जास्वंदच बघतात. सामाईक आहे हो सगळं. सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. नऊ मुंबईत, चार वारलेले आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. वारलेल्यांच्या सह्या मिळतील एक वेळ, त्या दोघांच्या नाही मिळायच्या.”

वहीत मी हे वाक्य लिहायला घेतलं, तर त्यांनी ताबडतोब विचारलं, “आडनाव काय तुमचं?” मी सांगितलं. “कोणते?” म्हणाले. आडनाव सांगून काम भागतं, अशी माझी पन्नास वर्षं समजूत होती. इथे आडनाव ही नुसती सुरुवात असते. मग तालुका, मग गाव, मग वाडी, मग कुलदैवत, मग आईचं माहेर. सातव्या प्रश्नाला त्यांनी माझ्या आजीच्या मावसबहिणीला लांज्याच्या बाजूला पकडलंच. “मग परके कुठे तुम्ही!” असं म्हणून त्यांनी मला चहा दिला. जमीन मात्र तरीही विकायची नव्हती. नातेवाईक निघाल्यावर तर मुळीच नव्हती.

बाजारात पावसाळी भाज्या बसल्या होत्या : टाकळा, भारंगी, फोडशी. प्लॅस्टिकची खोळ पांघरून बसलेल्या एका म्हातारीसमोर मी वाकलो, भाज्यांची नावं विचारून घेतली आणि टिपू लागलो. तिने चार नावं सांगितली, पाचव्याला थांबली.

“लिवून काय घेता? शिजवून खावा.”

मराठी समीक्षेत गेल्या पन्नास वर्षांत इतकं नेमकं काही म्हटलं गेलेलं नाही. मी टाकळ्याचे दोन वाटे घेतले. पुढे दिवसभर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टाकळा, आणि वही दातांत.

रत्नागिरीत पायी फिरून मजकूर गोळा करणाऱ्याची खरी पंचाईत वेगळीच आहे. आधी एक जण येऊन सगळं घेऊन गेला आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली आलं, त्यात पु. लं.नी अंतू बर्व्याला इथल्या मधल्या आळीत आणून बसवलं, आणि तेव्हापासून इथे पाय ठेवणारा प्रत्येक लिहिणारा मनातल्या मनात अंतूशेटना शोधत असतो. मीही शोधत होतो, पण चारचौघांत कबूल करत नव्हतो. पानाच्या एका गादीवर शक्य तितक्या उदासीन चेहऱ्याने विचारलं, “मधली आळी कुठली हो?”

पानवाल्याने चुना लावता लावता मान वर केली. “लेखक का?”

दिवसभरात एवढा अचूक ओळखणारा हा पहिलाच.

“कशावरून?”

“दुसऱ्या कोणाचं काय काम तिथे? ही वरची, ती खालची. राहिली ती मधली.” आणि विडा बांधता बांधता म्हणाला, “पण उशीर झाला तुम्हाला. साठ वर्षं.”

पु. लं.चं एक बरं होतं, त्यांच्याकडे कारण होतं. १२ जून १९४६ ला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर, त्यांचं लग्न इथेच झालं. सुनीताबाई इथल्या ठाकुरांच्या. तेव्हा ते जुलैत आले काय किंवा भर दुपारी आले काय, ‘मग आलात कशाला’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसेल. जावयाला ओटीवर बसवतात आणि त्याच्यासमोर मनातलं बोलतात. परक्याला गडग्यापलीकडे उभं करून त्याच्याच मनातलं काढून घेतात. तिरकस बोलणारी माणसं आजही आहेत. फक्त ती ऐकायला ओटीवर जागा मिळावी लागते, आणि ती पायी फिरून मिळत नाही.

या विचारात एक पाखाडी उतरत होतो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, गडग्यांवर नेचे, पायऱ्यांवर मखमली हिरवं शेवाळ. फार सुंदर दृश्य होतं आणि मी ते बसून पाहिलं. बसायचं ठरवलेलं नव्हतं. दुसऱ्या पायरीवर पाय सुटला तो सहाव्या पायरीवर थांबला. टाकळा माझ्या आधी खाली पोचला.

गडग्यावरून एक डोकं वर आलं. “निसरडं आहे हो तिथे.”

“कळलं.”

“मी सांगणारच होतो. पण म्हटलं, तुम्ही विचारात दिसताय. लेखक माणसाला मध्येच हटकू नये.”

म्हणजे पानाच्या गादीपासून पाखाडीपर्यंतच्या दहा मिनिटांत मी लेखक असल्याची बातमी इथे पोचली होती, आणि तीही माझ्यापेक्षा सुखरूप. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास भरली. म्हणजे सरळ हिशेबाने दीड लाख डोळे. आणि जुलैत बघण्यासारखा मी एकटा.

दुपारी मिरकरवाडा बंदरात गेलो. इथे तरी माणसं आपल्या कामात असतील आणि मला नुसतं बघू देतील, अशी आशा होती. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या ओळीने नांगरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभ्या होत्या, खलाशी आपापल्या गावी गेले होते, आणि जे होते ते जाळी विणत होते. विणणाऱ्याचे हात कामात असतात, डोळे आणि तोंड मोकळं असतं. कोणाला बघत उभं राहायला यापेक्षा वाईट जागा नाही.

एका तांडेलाने पाटावर जागा करून दिली. नायलॉनच्या हिरव्या जाळ्याचा एक पदर माझ्या मांडीवर आला. मी काय करतो, असं त्याने विचारलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, “गावभर फिरतो. काय दिसतं, काय ऐकू येतं ते गोळा करतो. मग त्यातलं लिहितो.”

तो थोडा वेळ गाठी मारत राहिला. “म्हणजे आमचंच काम. जाळं टाकायचं नी बसायचं.”

मला भरून आलं. दिवसभरात मला पहिल्यांदाच कोणीतरी कारागीर म्हटलं होतं.

“फक्त तुम्ही बंदीत आलात,” तो म्हणाला. “या दोन महिन्यांत मासा वीण घालतो. तेव्हा पकडला तर पुढे वर्षभर काय खाणार? तुमच्या गोष्टींचं पण तसंच असेल. आता घातलेल्या असतील. ऑगस्टात या.”

दिवाळी अंकाच्या संपादकांना हे कळवावं असं फार वाटलं. पण मजकुराची मुदत ३१ जुलैच होती.

तिथून रिक्षाने थिबा पॉइंटवर गेलो. होय, रिक्षाने. पाखाडीनंतर माझ्या पायी फिरण्यात एक लंगडेपणा आला होता. खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे माडांची रांग आणि पुढे राखाडी समुद्र. तिथे उभं राहून मी रत्नागिरीला आलेल्या मोठ्या माणसांची उजळणी केली. ब्रह्मदेशचा थिबा राजा इथे आला १८८६ मध्ये. म्हणजे इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आणून ठेवलं. तीन मजली राजवाडा मिळायला १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. चोवीस वर्षं वाट पाहून सहा वर्षांचा राजवाडा. सावरकर आले १९२४ मध्ये. जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही, अशा अटींवर. त्यांनी अटीतला जिल्हाच हलवून सोडला. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सगळ्या हिंदूंना खुलं झालं ते त्याच काळातलं. लोकमान्य तर १८५६ मध्ये इथे जन्मालाच आले, याहून सबळ कारण नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन आले तेही थिबाच्या समाधीला वंदन करायला. राजा काय, राजबंदी काय, राष्ट्राध्यक्ष काय, रत्नागिरीला सहज असं कोणी आलेलंच नाही. सरकारने आणून सोडलेल्यांची या गावाला सवय आहे. आपणहून, जुलैत, टाकळा हातात घेऊन आलेल्याची नाही.

आत्याकडे पोचलो तेव्हा पाटावर आंबेहळद उगाळून तयार होती.

“कुठे लागलं, उजव्या कमरेला ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं?” आत्या म्हणाली आणि मग कोणी कोणी सांगितलं ते सांगितलं. स्कूटरवाला तिच्या शेजारणीचा भाचा निघाला. सातबारावाले देवळात भेटले होते. पाखाडीवरचं डोकं तिच्या भजनी मंडळातलं होतं. “आणि बंदरात जाळं विणायला बसलास म्हणे. टाकळा सांडलास तो कोणीतरी आणून दिलाय, निवडून ठेवलाय.”

रात्री दिव्याखाली वही उघडली. पहिल्या पानावर माझं गाव, वाडी, कुलदैवत. दुसऱ्यावर आजीच्या मावसबहिणीचा वंशवृक्ष, लांज्यापर्यंत. तिसऱ्यावर माझं वय, नोकरी कुठे केली, का सोडली, मुलगा परत येणार की तिकडेच राहणार. लोकांनी विचारलं ते आणि मी सांगितलं ते. पंधरा पानं भरली होती आणि त्यांत रत्नागिरीचं असं काही नव्हतं. होतो तो सगळा मीच. लंडन-पॅरिसात न ओळखणाऱ्यांच्या गर्दीत बुडी मारून माणूस फुकट बघून येतो. इथे फुकट काही मिळत नाही. एक गोष्ट हवी तर आपली एक मोजावी लागते, आणि भाव तेच ठरवतात. मी दिवसभर मोजत होतो, माल घ्यायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत निघायचं होतं. सकाळी पावसाने रस्त्यावर उभं राहू दिलं नाही म्हणून जिल्हा नगर वाचनालय गाठलं. हे १८२८ सालचं, म्हणजे लोकमान्य जन्मायच्या अठ्ठावीस वर्षं आधीचं. इथे न बोलण्याचा नियम असेल आणि चौकशी तरी होणार नाही, असा हिशेब होता. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी एक वयस्क गृहस्थ बसले होते. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओली छत्री पाहिली, कंबर धरून बसण्याची तऱ्हा पाहिली.

“तुम्हीच ते सहज आलेले?”

मी हो म्हणालो.

“आमच्या कर्वे अण्णांचं ठाऊक आहे ना? सतरा वर्षांचे असताना मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, डोंगर ओलांडून. परीक्षेला. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पण गेले ते परीक्षेला. तुम्ही इतके चाललात, ते कशाला?”

“लेखासाठी. माणसं बघायला.”

“मिळालं काही?”

“नाही. माणसांनीच मला बघितलं.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, दोनदा. “बघणारच. काल संध्याकाळी आमच्याकडे चार जण बसले होते, तुमच्यावरच चाललं होतं. एजंट म्हणावं तर भाव विचारत नाही. मुलाकडचे म्हणावे तर मुलगी विचारत नाहीत. शेवटी मी म्हटलं, छत्री असून भिजतो, रस्ता समोर असून विचारतो, काम काही नसून घाईत असतो. म्हणजे लेखक असणार. मग मिटलं.”

मी गुपचूप खिशातून वही काढली. माझ्याबद्दल कोणी इतकं थोडक्यात आणि इतकं खरं कधी बोललं नव्हतं. पेन उघडलं तर शाई ओल्या कागदावर पसरली. गृहस्थांनी आपल्या खिशातलं बॉलपेन काढून माझ्यापुढे सरकवलं.

“लिहा लिहा. फक्त माझं नाव नका घालू. आळीचं घाला. तिला सवय आहे.”